भाऊचा धक्का ते गुहागर: मांडव्याला गाडी उतरवल्यावर पुढे किनाऱ्याने कसं जावं?

पांथस्थ_ठाणे

नमस्कार मंडळी,

माघातल्या कृष्ण पंचमीला, शनिवारी, सकाळच्या पहिल्या रो-रोने भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट मांडव्याला उतरायचं ठरलंय. तिकिटं काढून झाली. सोबत आई-बाबा (दोघंही सत्तरीचे), बायको आणि चौथीतली लेक. गाडी सेडान आहे, ग्राउंड क्लिअरन्स बेताचाच. मनात असलेला बेत असा:

शनिवार: मांडवा, अलिबाग, मुरूड, आगरदांड्याहून जंगलजेटीने (खाडीतून गाड्या नेणाऱ्या फेरीने) दिघी, हरिहरेश्वर मुक्काम.
रविवार: बागमांडला-वेशवी जंगलजेटी, दापोली, दाभोळ-धोपावे जंगलजेटी, गुहागर मुक्काम.
सोमवार: हेदवी, तवसाळ-जयगड जंगलजेटी, गणपतीपुळे मुक्काम.
मंगळवार: हायवेने ठाणे.

नकाशावर रोजचे किलोमीटर फार दिसत नाहीत, पण जाणकारांकडून खात्री करून घ्यायची आहे. व्याडेश्वर आमचं कुलदैवत आणि बाबांना तिथे अभिषेक करायचा आहे, म्हणून गुहागर सुटता कामा नये. लेकीला कासवं बघायची आहेत. येताना शक्य झालं तर हायवेचा कंटाळवाणा पट्टा टाळून थोडं आतल्या गावांतून यावं असं वाटतं. सुचवा.

भटकभवानी

धाग्यावर लक्ष ठेवून आहे, आम्हालाही मार्चमध्ये जायचंय.

बेत वाचून पहिली गोष्ट सांगते, या रस्त्यावर किलोमीटर बघून दिवस ठरवू नका. दिवसात किती खाड्या ओलांडायच्या ते बघा. फेरी सुटायच्या वेळेआधी पोचायचं, रांगेत लागायचं, गाडी चढवायची, पलीकडे उतरायचं, यात एका खाडीला तास-सव्वा तास सहज जातो. प्रत्यक्ष पाण्यावरची पंधरा-वीस मिनिटं त्यात सगळ्यात छोटी. शनिवार-रविवारी दुपारी रांग लांब असेल तर एखादी फेरी हातची जाते. तुमच्या रविवारी दोन खाड्या आहेत आणि मधल्या दापोली तालुक्यात तर रस्ता सरळ असा नाहीच, सतत चढ, उतार आणि वळणं. ताशी तीस-पस्तीसचा हिशोब धरा. आई-बाबांना त्यात बघायला काय मिळणार? गाडीची खिडकी.

माझं मत: एका दिवसाला एकच खाडी.

घाटवाट

भवानीताईंशी थोडा असहमत. पहाटे निघायची सवय असेल तर दिवसात दोन खाड्या होतात. आम्ही श्रीवर्धनहून सकाळी निघून संध्याकाळी गुहागरच्या समुद्रावर सूर्यास्त बघितलाय. गणपतीपुळ्यापर्यंत जाऊन आरे-वारेचा रस्ता न बघता परत फिरणं मला तरी पटत नाही. डोंगराच्या कडेने समुद्र असा उघडा पडणारा रस्ता महाराष्ट्रात फार थोडा आहे.

भटकभवानी

आरे-वारेबद्दल दुमत नाहीच. पण तुम्ही गेलात तेव्हा मध्ये कुठे थांबलात? हर्णै, आंजर्ले, केळशी यातलं काय बघितलं?

घाटवाट

आंजर्ल्याला फक्त जेवलो. हर्णै राहिलं, खरं आहे.

खारफुटी

पांथस्थ, तुम्ही वाराबरोबर तिथी दिलीत ते फार बरं केलंत. किनाऱ्यावरचा प्रवास तिथीवरच बेततात. आमच्याकडे अलिबागला लहानपणी शिकवलेला हिशोब सांगते: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पंचमी म्हणजे पाच गुणिले पाऊण, पावणेचार. पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या आसपास भरती पूर्ण, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. थोडंफार इकडेतिकडे होतं, म्हणून नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्यावी, पण बेत आखायला हा हिशोब पुरतो.

आता हे तुमच्या प्रवासाला लावून बघू.

शनिवार, पंचमी. ओहोटी दहाला. मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर. पहिल्या फेरीने आलात तर साडेनऊच्या सुमारास कुलाबा किल्ल्यासमोर उभे असाल. पाणी हटलेलं असतं, पायी किंवा घोडागाडीने किल्ल्यात जाता येतं. आतल्या गणपतीचं दर्शन घ्या, गोड्या पाण्याची पुष्करणी लेकीला दाखवा, पण अकराच्या आत परत फिरा. पाणी वाढायला लागलं की ते आधी वाटेत भरतं.

भवानीताईंचं ऐकून दिवसाला एकच खाडी धरलीत तर हरिहरेश्वर सोमवारी येईल, सप्तमीला. ओहोटी साडेअकराला. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा तेव्हाच करायची. पायऱ्या उतरून खडकांवरून समुद्राच्या अगदी कडेने ती वाट जाते. भरतीत तिथे लाटेने माणसं ओढली गेली आहेत, सूचनाफलक उगाच लावलेले नाहीत. आई-बाबांनी वरूनच बघावं. तुम्हीही आधी देवळात विचारून मगच उतरा.

आणि जंगलजेटीच्या रॅम्पची काळजी. अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे भरतीला पाणी फार चढत नाही आणि ओहोटीला फार उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ओहोटीला पाणी खूप खाली जातं, मग फेरीची फळी आणि जेट्टीचा उतार यांच्यात मोठा कोन होतो आणि सेडानचं पोट किंवा पुढचा बंपर घासतो. तुमचा सगळा प्रवास पंचमी ते नवमी-दशमीचा. सेडानसाठी याहून चांगले दिवस मिळणं कठीण.

पांथस्थ_ठाणे

खारफुटी, हे वाचून बाबांनी लगेच दिनदर्शिका काढली आणि प्रत्येक दिवसाची भरती कागदावर लिहून ठेवली. मनापासून धन्यवाद. भवानीताईंचंही पटतंय. रजा दोन दिवस वाढवता येईल, म्हणजे शनिवार ते गुरुवार. तेवढ्यात गणपतीपुळं बसवावं का?

सुपारीवाडी

आमच्या श्रीवर्धनचं नाव तुमच्या बेतात कुठेच नाही, म्हणून लिहायला बसलो.

दिघीला उतरलात की थेट हरिहरेश्वर गाठायची घाई करू नका. आधी दिवेआगर. तिथे रविवारी मुक्काम करा. सुवर्णगणेश सगळ्यांना माहीत असतो. १९९७ साली वाडीत खणताना पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ मध्ये तो चोरीला गेला, २०२१ मध्ये नवा बसवला. पण रूपनारायणाच्या देवळात जायला विसरू नका. एका अखंड पाषाणातली विष्णूची मूर्ती आहे, प्रभावळीत दशावतार कोरलेले. बाबांना तिथे बसवून द्या, तासभर हलणार नाहीत.

सोमवारी सकाळी दिवेआगरहून भरडखोल, शेखाडीच्या रस्त्याने श्रीवर्धनला या. आतूनही रस्ता आहे, पण हा किनाऱ्याचा धरा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला गाडीच्या चाकापासून हाताच्या अंतरावर समुद्र. मध्ये कोळीवाड्यात रस्त्याच्या कडेलाच मासळी वाळत घातलेली असते, तिथे हॉर्न न वाजवता हळू जा.

श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव. पण मला तुम्हाला दाखवायची आहे ती वाडी. कोणाच्याही घरी विचारा, आत नेतात. रस्त्यावर ऊन भाजत असतं आणि वाडीत पाऊल टाकलं की अंगावर गारवा येतो. वर नारळ, मध्ये पोफळी, पोफळीवर चढवलेली मिऱ्याची वेल, खाली जायफळ आणि केळ, आणि पायाशी पाटाचं पाणी. ज्या झाडाला पाणी हवं त्याच्या आळ्याचं तोंड पायाने उघडायचं, भरलं की चिखल ओढून बंद करायचं, पाणी पुढच्या आळ्यात. लेकीला हे करू द्या. सोलून ठेवलेली रोठा सुपारी हातात घेऊन बघा, आतून पांढरी आणि मऊ, आणि भाव तिचा याच मऊपणाचा.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ इथेच किनाऱ्याला लागलं. आजोबांनी लावलेल्या पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. नवीन रोप लावलं की सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. तेव्हा लावलेल्यातली काही झाडं आता कुठे धरायला लागली आहेत. म्हणून आमच्याकडे येणाऱ्यांना माझी एक विनंती असते, मोठ्या रिसॉर्टपेक्षा वाडीतल्या घरात उतरा, जेवण तिथेच सांगा. ते चार पैसे वाडीत परत जातात.

खारफुटी

दादा, पटलं अगदी. आमच्याकडेही त्या दिवशी थळ, किहीमच्या वाड्या अशाच गेल्या.

दर्यागड

किल्ल्यांबद्दल थोडं लिहितो, कारण पांथस्थांनी किल्ले धरलेलेच नाहीत आणि वयस्कर मंडळी असली तरी बरंच काही बसल्या जागी दिसतं.

मांडवा ते अलिबाग रस्त्यावर थळच्या किनाऱ्यावर दहा मिनिटं थांबा. समोर खांदेरी आणि उंदेरी. महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी दोघांच्या नाकावर टिच्चून खांदेरी बांधली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत ती आहे. त्याच यादीतला सुवर्णदुर्ग तुम्हाला मंगळवारी हर्णैला दिसेल. म्हणजे एका प्रवासात दोन, आणि दोन्ही किनाऱ्यावरून.

अलिबाग गावात कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे, गाडी अगदी जवळ जाते. पुढे रेवदंड्याच्या वाटेवर अक्षीला शिलालेख आहे. प्राचीन मराठी लेखांचे अभ्यासक तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे १०१२ असा वाचला आणि मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत तो धरला जातो. दगड साधाच, वर सूर्य-चंद्र कोरलेले. रेवदंड्याला रस्ता पोर्तुगीजांच्या तटबंदीतूनच आत शिरतो. अफनासी निकितीन हा रशियन प्रवासी पंधराव्या शतकात याच चौलच्या बंदरात उतरला होता, त्याचं स्मारकही तिथे आहे.

खाडी ओलांडली की कोर्लई. किल्ला चढायची गरज नाही. गावातून दीपगृहापर्यंत गाडी जाते, मात्र गल्ली अरुंद आहे, समोरून टेम्पो आला तर मागे घ्यावी लागते. या गावातली ख्रिस्ती मंडळी आजही घरात पोर्तुगीज आणि मराठीतून घडलेली त्यांची स्वतःची बोली बोलतात. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली.

जंजिरा: राजपुरीहून शिडाच्या होडीने जातात. होडी दरवाज्याशी हेलकावत असताना पायरीवर पाऊल टाकायचं असतं. गुडघे दुखत असतील तर आईंना नेऊ नका. राजपुरीच्या वरच्या रस्त्यावरून सबंध किल्ला ताटात वाढल्यासारखा दिसतो, तिथे खुर्ची टाकून बसता येईल. तुम्ही तिघं जाऊन या, तटावरची कलाल बांगडी तोफ बघा. रविवार आहे, साडेआठ-नऊला राजपुरीत असाल तर बरं, नंतर होडीसाठी खूप ताटकळावं लागतं.

घाटवाट

पद्मदुर्ग राहिला.

दर्यागड

बरोबर, मुरूडच्या किनाऱ्यावरून समोर दिसतो तो. सिद्दीला शह म्हणून महाराजांनी बांधला. संध्याकाळी मुरूडच्या वाळूत उभं राहिलं की सूर्य त्याच्याच बाजूला उतरतो.

मीरा_दापोली

पांथस्थदादा, कासवांसाठी आलेय.

वेळास. वेशवीला जंगलजेटीतून उतरलात की बाणकोटच्या रस्त्याने वेळास अगदी जवळ. ऑलिव्ह रिडले माद्या थंडीत रात्री वाळूत अंडी घालून जातात. कोल्हे, कुत्री आणि माणसं यांच्यापासून वाचवण्यासाठी गावातली पोरं पहाटे किनारा पालथा घालून ती अंडी जाळीच्या कुंपणात तशाच खोल खड्ड्यात पुरतात. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये इथे काम सुरू केलं आणि मग गावाने ते आपलं मानलं. पूर्वी अंडी खाल्ली जायची, आज तीच घरं पाहुण्यांना राहायला देतात.

सकाळी सातच्या सुमारास आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास घरट्यावरची टोपली उचलून बघतात. पिल्लं असतील तर दोरीच्या पलीकडे वाळूवर सोडतात. तळहाताएवढंसुद्धा नसतं ते. वल्ह्यासारखे पाय मारत चार पावलं जातं, थांबतं, मान वर करतं, पुन्हा चालतं. पहिली लाट येते ती उलट मागे लोटते, मग दुसरी लाट घेऊन जाते. लेकीला आधी एवढंच समजावून सांगा: हात लावायचा नाही, फ्लॅश नाही, दोरीच्या आत पाय नाही.

एखाद्या दिवशी एकही पिल्लू निघत नाही. त्यासाठीच सोमवारी रात्री वेळासलाच राहा, म्हणजे संध्याकाळ आणि मंगळवारची सकाळ अशा दोन वेळा मिळतात. राहणं साधं असतं. खाली गादी, सामाईक न्हाणीघर अशी बरीच घरं आहेत. आई-बाबांसाठी पलंग आणि कमोड हवा असेल तर फोनवरच स्पष्ट विचारा. जेवण सुरेख: कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, फणसाची भाजी, आणि तुमच्या नशिबात असेल तर ओल्या काजूची उसळ. हंगाम नुकता सुरू होत असतो.

नाना फडणवीसांचं मूळ गाव हेच. गावाबाहेर बाणकोटचा किल्ला आहे, अगदी दारापर्यंत गाडी जाते, वरून सावित्रीचं मुख आणि पलीकडचं हरिहरेश्वर दिसतं.

भटकभवानी

मीराताई, वेळासहून केळशीचा रस्ता आता कसा आहे?

मीरा_दापोली

आधी डोंगर चढून आत जावं लागतं आणि मग पुन्हा उतरायचं. मध्ये भारजेची खाडी आहे ना. अरुंद आहे, पण त्यांना जी खेडी बघायची आहेत ती याच रस्त्यावर आहेत: चिऱ्याचे गडगे, अंगणात वाळत घातलेली आमसुलं नाहीतर आंबोशी, भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला, रचलेला पालापाचोळा. गुगलने एखादी आडवाट दाखवली तरी एसटी ज्या रस्त्याने जाते तोच धरावा. एसटी जाते म्हणजे सेडान जाते.

केळशीला महालक्ष्मीचं देऊळ आणि याकूबबाबांचा दर्गा. मग आडे, पाडल्यावरून किनाऱ्याने आंजर्ले. कड्यावरच्या गणपतीला वरपर्यंत गाडी जाते. चारच्या सुमारास हर्णै बंदर. नौका आल्या की किनाऱ्यावर लिलाव लागतात. टोपल्या मांडलेल्या, भोवती बायकांचं कडं, बोली इतकी जलद की नवख्याला आकडे ऐकूच येत नाहीत. चांगली चप्पल घालून जाऊ नका. मागे पाण्यात सुवर्णदुर्ग.

पांथस्थ_ठाणे

मीराताई, लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. सोमवार वेळास पक्कं.

जंगलजेटीबद्दल एक शंका राहिली. गाडी चढवताना, उतरवताना नेमकं काय करायचं? आणि आई-बाबा गाडीतच बसलेले चालतात का?

भटकभवानी

सांगते. रो-रो वेगळी आणि या खाड्यांमधल्या जंगलजेट्या वेगळ्या. रो-रो मोठी बोट आहे. गाडी खालच्या मजल्यावर लावून, इंजिन बंद करून, हँडब्रेक ओढून आपण वर बसायला जायचं. तासभर लागतो. औषधं, पाण्याची बाटली, स्वेटर आधीच वर न्या. भाऊच्या धक्क्यावर पहाटे मासळीबाजार असतो, टेम्पो आणि हातगाड्यांनी रस्ता भरलेला असतो, तेव्हा तुमच्या हिशोबापेक्षा अर्धा तास आधीच निघा.

जंगलजेटीत सपाट डेक आणि पुढे खाली पडणारी लोखंडी फळी, एवढंच. तिथली माणसं हाताने खुणा करतात. त्यांच्याकडेच बघायचं, घरच्यांच्या सूचना नकोत. कधी कधी रिव्हर्समध्ये चढवायला सांगतात, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येतं. पहिल्या गिअरमध्ये, एकाच लयीत, फळीच्या सांध्यावर न थांबता. थांबलात की चाक ओल्या लोखंडावर फिरतं. गाडी लागली की पहिला गिअर टाकून ठेवा, हँडब्रेक ओढा. चाकाला ते ठोकळा लावतात.

आई-बाबांना शक्यतो गाडीतच राहू द्या. जेट्टीच्या उतारावर शेवाळ असतं आणि सत्तरीच्या माणसासाठी ते घासलेल्या बंपरपेक्षा धोक्याचं. घासतंय असं वाटलं तर तुम्ही आणि वहिनी उतरा, डिकीतल्या बॅगा उतरवा. आणि दिवसाच्या पहिल्या आणि शेवटच्या फेरीची वेळ आदल्या रात्री फोन करून विचारा. आम्हाला एका खाडीवर फेरी दुरुस्तीला गेल्याचं किनाऱ्यावर पोचल्यावर कळलं होतं, आणि तिथून रस्त्याने वळसा घालायचा म्हणजे अख्खी दुपार गेली.

पेट्रोल मोठ्या गावातच भरून घ्या, अलिबाग, श्रीवर्धन, दापोली. रोख पैसे सोबत असू द्या, खाडीकाठी रेंज नसली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत.

घाटवाट

या खाड्यांवरचे सगळे पूल एकदा झाले की ही चर्चाच उरणार नाही. रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं काम निघालंय.

सुपारीवाडी

बागमांडल्याचा पूल तर आम्ही कधीपासून ऐकतोय. पूल हवाच, आमच्याकडच्या आजाऱ्याला रात्री पलीकडे न्यायचं तर फेरी बंद असते. पण पर्यटकांच्या गाड्या सुसाट निघून गेल्या तर मधल्या गावांत थांबणार कोण, हीही काळजी आहेच. रांगेत उभं असताना लोक चहा घेतात, कोकम सरबत पितात, सुपारी विकत घेतात. त्यावर जेट्टीजवळची बरीच घरं चालतात.

खारफुटी

मघाशी गणपतीपुळ्याबद्दल विचारलं होतंत, त्याचं उत्तर कोणी दिलं नाही. माझं स्पष्ट मत: सोडा. सहा दिवसांत मांडवा धरून चार पाण्याच्या वाटा होतात: रो-रो, आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे. पाचवी जयगडची आणली की गुरुवारी गणपतीपुळ्याहून ठाण्यापर्यंत एका दमात यायचं, आणि बाबांचा अभिषेक घाईत उरकावा लागेल. हेदवीची बामणघळ हे एक मोठं आकर्षण असतं, पण खडकाच्या चिरेतून पाणी उसळतं ते उधाणाच्या भरतीला. तुमच्या नवमी-दशमीच्या भांगेत ते फारसं दिसायचं नाही. गणपतीपुळे, जयगड, आरे-वारे, मालगुंडचं केशवसुतांचं स्मारक आणि रत्नागिरीकडची कातळशिल्पं यांचा वेगळा प्रवास करा, पौर्णिमा बघून.

घाटवाट

कातळशिल्पांचं बरोबर आहे, त्याला एक दिवस स्वतंत्र लागतो. मी माझा आग्रह मागे घेतो. फक्त मग बुधवारी दापोलीहून दाभोळला जाताना पन्हाळेकाजी घ्या. कोटजाई नदीच्या काठी २९ लेणी आहेत. बौद्ध, मग शैव, गाणपत्य आणि नाथपंथी, सगळे एकाच डोंगरात. रस्ता पूर्ण आतल्या खेड्यांतून, समुद्राचा मागमूस नाही. पांथस्थांना हवा असलेला आतला कोकण हाच. लवकर निघालात तर दुपारची फेरी मिळते.

मीरा_दापोली

पन्हाळेकाजीला खाली उतरायला पायऱ्या आहेत, पण सोप्या. आसपास खायला काही मिळेलच असं नाही, आंजर्ल्याहून डबा भरून घ्या. दाभोळला वेळ उरला तर बंदराजवळची जुनी शाही मशीद बघा, दगडी, घुमटाची, पाण्याच्या अगदी जवळ. बहमनी आणि आदिलशाही काळात दाभोळ केवढं मोठं बंदर होतं ते तिच्या समोर उभं राहिलं की कळतं.

पांथस्थ_ठाणे

सगळ्यांचं वाचून घरात बैठक झाली. आता असं ठरतंय:

शनिवार: रो-रो, थळ, कुलाबा (ओहोटी दहा), अक्षी, रेवदंडा, कोर्लई. मुरूड मुक्काम.
रविवार: राजपुरी सकाळी लवकर, आगरदांडा-दिघी, दिवेआगर. वाडीतल्या घरी मुक्काम.
सोमवार: शेखाडीचा रस्ता, श्रीवर्धनला वाडी, हरिहरेश्वर (ओहोटी साडेअकरा), बागमांडला-वेशवी. वेळास मुक्काम.
मंगळवार: सकाळी कासवं, केळशी, कड्यावरचा गणपती, हर्णैचा लिलाव. आंजर्ले मुक्काम.
बुधवार: पन्हाळेकाजी, दाभोळ-धोपावे. गुहागर मुक्काम.
गुरुवार: व्याडेश्वर, मग चिपळूणमार्गे ठाणे.

सोमवार भरगच्च वाटतोय. सुपारीवाडीदादा, साडेअकराला हरिहरेश्वर गाठायचं तर वाडीला किती वाजता यावं?

सुपारीवाडी

दिवेआगरहून सातला निघा, आठपर्यंत श्रीवर्धन. सकाळी पाट सोडलेला असतो, तीच वाडी बघायची खरी वेळ. दहाला निघालात की हरिहरेश्वर आरामात. आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वर, मग प्रदक्षिणा, असा तिथला क्रम आहे. महाशिवरात्र आठवड्यावर आलेली असेल, मंडप बांधणी चालू असते, पण सोमवार असला तरी गर्दी सोसवेल इतकीच. जेवण तिथेच उरकून दोन-अडीचपर्यंत बागमांडल्याला या. संध्याकाळी सहाच्या आत वेळासला पोचायचंय हे धरून.

पांथस्थ_ठाणे

उत्तम. शेवटचा प्रश्न गुरुवारचा. अभिषेक करून निघून उजेडी ठाणे गाठता येईल का? आणि हायवेवर वाटेत काय घ्यावं?

भटकभवानी

गुहागर-चिपळूण पंचेचाळीसेक किलोमीटर, रस्ता आतून, झाडीचा. चिपळूण ओलांडलं की परशुराम. देवळात जाऊन या, खाली वाशिष्ठीचं खोरं दिसतं. पुढे कशेडीला आता बोगदा आहे, घाटाची वळणं वाचतात. माणगाव आणि इंदापूरच्या बाजारात गाड्या अडकतात, तिथला वेळ धरूनच ठाण्याची वेळ काढा. अकरापर्यंत गुहागर सोडलंत तर रात्री आठ-नऊ. उजेडी कठीण आहे. बाबांना मागच्या सीटवर झोपता येईल एवढी जागा करा, बॅगा पायाशी नकोत.

मीरा_दापोली

अभिषेकाचं मात्र बुधवारी संध्याकाळी गुहागरला पोचल्या पोचल्या देवळात सांगून ठेवा. सकाळची वेळ ठरवून घेतली की गुरुजी तयारीत असतात. बाबांचं सोवळं आणि गोत्राची नोंद लिहिलेला कागद वरच्याच बॅगेत असू द्या. पाणी लागलं की पंचा वाळायला वेळ लागतो, दोन घ्या.